गुलामगिरीसाठी लढून हरलेल्यांचे पुतळे

‘इतिहास जेते लिहितात’ हे वाक्य आपल्या प्रबोधनाच्या मंचावरून नेहमी ऐकू येतं. अमेरिकेच्या दक्षिण भागाचा इतिहास वाचला की या वाक्याला मोठं भगदाड पडतं. तिथली अकरा राज्यं १८६०-६१ मध्ये देशातून फुटून निघाली, चार वर्षं लढली आणि १८६५ मध्ये सपशेल हरली. पण पुढची जवळजवळ शंभर वर्षं त्या युद्धाची गोष्ट हरलेल्यांनीच सांगितली. शाळेच्या पुस्तकांत तीच, सिनेमात तीच, कचेरीसमोरच्या चौकात तीच. आजही अमेरिकेत मतदानाच्या हक्कावर वाद सुरू झाला की ती गोष्ट कुठून तरी डोकं वर काढतेच.

आमच्या विहारात रविवारी मुलामुलींचा अभ्यासवर्ग असतो. तिथे डिप्लोमाला असलेला एक मुलगा टी-शर्ट घालून आला. लाल पार्श्वभूमी, त्यावर निळी फुली, फुलीत पांढरे तारे. फुटपाथवर अडीचशेला घेतलेला. “ताई, कुठल्या तरी बँडचा असंल,” तो म्हणाला. त्याचा काही दोष नाही, डिझाइन दिसायला झ्याक आहे. पण तो झेंडा कुणी, कशासाठी खांद्यावर घेतला हे सांगायला आम्हाला दोन रविवार लागले. एका मुलीने विचारलं, “आपल्याला काय करायचंय अमेरिकेचं? इथलं काय कमी आहे का?” प्रश्न रास्त होता. हा लेख तिच्यासाठीही आहे.

आधी लढाई कशासाठी झाली ते. आज त्या झेंड्याचे चाहते म्हणतात, युद्ध ‘राज्यांच्या हक्कां’साठी झालं, केंद्राच्या दादागिरीविरुद्ध झालं, गुलामगिरी हा त्यातला एक किरकोळ मुद्दा. पण फुटून निघणाऱ्यांनी स्वतःच आपली कारणं लिहून ठेवली आहेत. मिसिसिपी राज्याच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच सांगितलंय, की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. फुटीर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ ला जॉर्जियातल्या सव्हाना शहरात भाषण केलं. त्याचा आशय असा, की आमच्या सरकारचा पायाच मुळी काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे या सत्यावर उभा आहे. मनुस्मृती वाचलेल्या माणसाला हा युक्तिवाद नवा वाटणार नाही. निसर्गाच्या नावाने असो की देवाच्या, माणसाला जन्मापासून खाली ठेवायची भाषा एकच असते.

आणि ‘राज्यांचे हक्क’ म्हणावेत तर याच दक्षिणेने १८५० चा पळून गेलेल्या गुलामांचा कायदा करून घेतला होता. उत्तरेतल्या राज्यांना तो नको होता. तरीही त्या राज्यांत आश्रय घेतलेल्या माणसांना पकडून परत मालकाच्या हवाली करायला केंद्राची सत्ता वापरली गेली. तेव्हा कुठे गेले होते राज्यांचे हक्क? पुढे फुटीर राज्यांनी स्वतःची राज्यघटना केली, तिच्यात तर गुलामांवरचा मालकी हक्क नाकारणारा कायदा करायलाच बंदी घातली. १८६० मध्ये अमेरिकेत जवळपास चाळीस लाख माणसं गुलाम होती. भांडण त्यांच्याबद्दलच होतं.

हरल्यावर मात्र सूर बदलला. तोच स्टीफन्स युद्धानंतर दोन खंडांचा ग्रंथ लिहून सांगू लागला, की हा घटनेच्या अर्थाविषयीचा तात्त्विक वाद होता. अध्यक्ष जेफरसन डेव्हिसने १८८१ मध्ये त्याच धाटणीचं जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्याही आधी, युद्ध संपून वर्ष होतं न होतं तोच, १८६६ मध्ये एडवर्ड पोलार्ड नावाच्या रिचमंडच्या संपादकाने आपल्या ग्रंथाला नाव दिलं ‘द लॉस्ट कॉज’. हरपलेलं ध्येय. हेच नाव पुढे सगळ्या कहाणीला चिकटलं. कहाणी थोडक्यात अशी: दक्षिणेचे लोक शूर आणि सज्जन होते, त्यांचा सेनापती रॉबर्ट ली साधुपुरुष होता, गुलाम मालकाच्या घरी सुखात होते, आम्ही हरलो ते केवळ शत्रूचं संख्याबळ आणि कारखाने जास्त होते म्हणून, आणि युद्धानंतर काळ्यांच्या हाती सत्ता आली तेव्हा नुसता भ्रष्टाचार माजला.

यातलं शेवटचं कलम सगळ्यात विषारी आहे, कारण राजकारण त्याच्यावर चालतं.

युद्धानंतरच्या बारा वर्षांना तिकडे पुनर्रचनेचा काळ म्हणतात. घटनेत तीन दुरुस्त्या झाल्या: १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, १८६८ मध्ये नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण मिळालं, १८७० मध्ये वंशावरून मताधिकार नाकारण्याला बंदी आली. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. ज्यांना कालपर्यंत वाचायला शिकणं गुन्हा होता ती माणसं शाळा काढत होती, विधिमंडळात बसत होती.

हे सगळं चालू असतानाच १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना त्यांनी ते अर्पण केलं, आणि माझे देशबांधव शूद्रांना सोडवण्याच्या कामी हा कित्ता घेतील अशी आशा व्यक्त केली. ही अर्पणपत्रिका आपल्याला माहीत असते. त्याच वर्षी लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावात काय झालं हे सहसा आपल्याला माहीत नसतं. निवडणुकीच्या निकालावरून वाद होता. काळे लोक तिथल्या कोर्टाच्या इमारतीचं रक्षण करत होते. १३ एप्रिल १८७३ ला, ईस्टरच्या दिवशी, गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. खटला झाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८७६ मध्ये न्यायालयाने आरोपींना सोडवणारा निकाल दिला. त्याचा आधार असा, की चौदावी दुरुस्ती सरकारला लागू होते, खाजगी माणसांनी केलेल्या अत्याचाराला नाही. घटनेचा एक शब्दही न बदलता घटनेचा जीव काढून घेतला. १८७७ मध्ये राजकीय तडजोड झाली, उत्तरेचं सैन्य मागे आलं, आणि दक्षिणेतले काळे लोक पुन्हा जुन्या मालकांच्या ताब्यात गेले. जोतीरावांनी ज्यांच्यावर विश्वास टाकला होता ते सज्जन चार वर्षांत थकले.

त्या कोलफॅक्समध्ये १९२१ मध्ये मेलेल्या तीन गोऱ्या हल्लेखोरांच्या स्मरणार्थ दगडी स्तंभ उभारला गेला. ते गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडलेले वीर आहेत असं त्यावर उघड कोरलं. १९५० च्या सुमारास सरकारी फलक लागला, त्यात या कत्तलीला ‘दंगल’ म्हटलं आणि तिच्यामुळे दक्षिणेतला गैरकारभार संपला असं लिहिलं. हा फलक निघायला २०२१ साल उजाडावं लागलं. हत्याकांडाला दंगल म्हणणं आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनाही चांगलं जमतं, ते असो.

आता बाबासाहेबांकडे या. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे इतिहासाचे नामांकित प्राध्यापक होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी दक्षिणेतल्या एकेका राज्यावर प्रबंध लिहिले, आणि पुनर्रचना म्हणजे अडाणी काळ्यांच्या आणि बाहेरून आलेल्या लुटारूंच्या हाती सत्ता देण्याची घोडचूक होती हे मत विद्वत्तेचा शिक्का मारून देशभर पोचवलं. म्हणजे पराभूत मालकांची तक्रार उत्तरेतल्या सर्वात प्रतिष्ठित विद्यापीठातून इतिहास म्हणून बाहेर पडली. समाजशास्त्राला एम. ए. करताना ‘ज्ञान कोण तयार करतं’ हा प्रश्न आम्हाला परीक्षेपुरता होता. त्याचं याहून नागडं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

बाबासाहेब मात्र या विद्वत्तेच्या नादी लागले नाहीत. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं’ या ग्रंथात त्यांनी यादवी युद्धानंतर निग्रोंचं काय झालं ते मांडलं: कागदावर हक्क मिळाले, दक्षिणेतल्या गोऱ्यांनी दहशतीने ते पायदळी तुडवले, आणि ज्या पक्षाने मुक्तीचं श्रेय घेतलं त्यानेच त्यांना वाऱ्यावर सोडलं. अस्पृश्य हे विसरू शकत नाहीत आणि म्हणूनच आधी हमी मागतात, असा त्यांचा रोख होता. पुढच्याच वर्षी त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. याच डु बॉइसनी १९३५ मध्ये पुनर्रचनेवर ग्रंथ लिहून डनिंगच्या परंपरेला सज्जड उत्तर दिलं होतं. त्याचं शेवटचं प्रकरण इतिहासाच्या नावाखाली चाललेल्या प्रचारावर आहे. बाबासाहेबांना अमेरिकेचं काय करायचं होतं, हे त्या मुलीला आता सांगता येईल.

पण प्रबंध कोण वाचतो? घराघरात ही गोष्ट पोचवली ती बायकांच्या संघटनेने. १८९४ मध्ये नॅशव्हिलमध्ये ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ स्थापन झाली. लढलेल्या सैनिकांच्या मुली, नाती. निधी गोळा करून त्यांनी शेकडो पुतळे उभारले. शाळांत निबंधस्पर्धा घेतल्या. या संघटनेच्या इतिहास विभागाच्या प्रमुख राहिलेल्या मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी १९२० च्या सुमारास पाठ्यपुस्तकं तपासण्याची एक मोजपट्टीच छापली. जे पुस्तक गुलामांचा मालक क्रूर होता असं म्हणेल, ते नाकारा. युद्ध गुलामगिरीसाठी झालं म्हणेल, ते नाकारा. ग्रंथालयात असं पुस्तक आधीच असेल तर त्याच्यावर ‘दक्षिणेवर अन्याय करणारे’ असा शेरा लिहा. तरुण कार्यकर्त्यांनी हे नीट बघावं. एक पिढी सत्तर-ऐंशी वर्षं जगते आणि शाळेत जे शिकली तेच खरं मानून मतदान करते. पाठ्यपुस्तक समितीत कोण बसलंय, यावर आपण मोर्चा फारसा काढत नाही.

पुतळे कधी उभे राहिले तेही बघा. युद्धात मेलेल्यांचं दुःख ताजं होतं तेव्हा स्मारकं झाली ती बहुतेक स्मशानात. कोर्टासमोर, विधानभवनासमोर घोड्यावरचे सेनापती आले ते मुख्यतः १८९० ते १९२० च्या दरम्यान, जेव्हा काळ्यांचा मताधिकार पद्धतशीर काढून घेतला जात होता. मिसिसिपीने १८९० मध्ये नवी घटना करून मतासाठी कर आणि वाचून अर्थ सांगण्याची परीक्षा लावली. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले १,३४२. आणि पंधरावी दुरुस्ती? ती तर जशीच्या तशी घटनेत होती! ‘संविधान कुणीच बदलू शकत नाही’ एवढ्यावर निर्धास्त होणाऱ्यांनी हा १,३४२ चा आकडा पाठ करून ठेवावा.

आपणही पुतळ्यांचीच माणसं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. गावागावात बाबासाहेब उभे आहेत, कित्येक ठिकाणी लोखंडी पिंजऱ्यात, कारण रात्री कोण काय करील याचा भरवसा नाही. पुतळ्याने पोट भरतं का, हा टोमणा आपण ऐकलेला आहे. म्हणून अमेरिकेतले पुतळे काढण्याच्या मागणीकडे ‘फालतू प्रतीकांचं राजकारण’ म्हणून मी बघू शकत नाही. पुतळा कुणाचा आहे याच्याइतकाच तो कुठे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. ज्या कोर्टात काळ्या माणसाने न्याय मागायला जायचं, त्याच्या दारात त्याला गुलाम ठेवण्यासाठी लढलेला सैनिक बंदूक घेऊन उभा. आपल्याकडे जयपूरला राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनू उभा आहे. २०१८ मध्ये औरंगाबादकडून गेलेल्या दोन बायांनी त्याला काळं फासलं. त्याच्या तीन वर्षं आधी, जून २०१५ मध्ये, ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय तरुणी साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनासमोरच्या खांबावर चढली आणि तिने तो फुटिरांचा झेंडा हाताने उतरवला. अटक या बायांनाही झाली, तिलाही. तिघींना एकमेकींची माहिती असण्याची गरज नव्हती.

या गोष्टीतलं मला सर्वात जास्त झोंबतं ते ‘सुखी गुलाम’. १९२३ मध्ये त्याच डॉटर्सनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये ‘मॅमी’चं, म्हणजे मालकाची पोरं सांभाळणाऱ्या इमानी काळ्या दाईचं, स्मारक करायची परवानगी मागितली. सिनेटने ती देऊनही टाकली होती. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि संघटनांनी आवाज उठवला म्हणून ते बारगळलं. पुढे १९३९ मध्ये ‘गॉन विथ द विंड’ सिनेमात हीच मॅमी आली. ती भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांना अटलांटाच्या पहिल्या खेळाला जाता आलं नाही, कारण थिएटर गोऱ्यांचं. ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीयांतलं पहिलं, तेव्हाही त्यांचं टेबल बाजूला लावलेलं होतं.

माझी आजी वऱ्हाडातली. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला. (अमेरिकेचं युद्ध लागलं तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून याच वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईचे व्यापारी गबर झाले, १८६५ ला युद्ध संपलं तसा बाजार कोसळला. वेचणाऱ्या बाया दोन्हीकडे वाकलेल्याच.) आमच्या गावात जुन्या घरातले लोक अजून सांगतात, पूर्वी गावात कसा एकोपा होता, बलुतेदार कसे समाधानी होते, सणाला प्रत्येकाला कसं वाढून द्यायचे. आजीसमोर एकदा कुणी हे बोललं. ती म्हणाली, “लय चांगले दिवस व्हते म्हन्तेत ना, मंग आता त्यायच्याच पोरीले धाडा म्हनाव वेचाले.” मॅमीच्या पुतळ्यावर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

पण इथे एक गाठ आहे आणि ती सोडवावी लागेल. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी लेखक प्रकल्पातून गुलामीतून सुटलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांत काहींनी सांगितलंय की मालक बरा होता, तेव्हा निदान पोटाला मिळायचं. लॉस्ट कॉजवाले हेच काढून दाखवतात: बघा, गुलाम स्वतःच म्हणतात! मी गेली काही वर्षं वस्त्यांत घरोघर सर्वेक्षणाचं काम करते. ओट्यावर गावचा प्रतिष्ठित माणूस बसलेला असताना “तुम्हाला गावात काही त्रास आहे का?” असं विचारलं की उत्तर येतं, “नाही बाई, सगळे चांगले आहेत.” तीच बाई नंतर नळावर एकटी भेटली की दुसरंच सांगते. त्या मुलाखती घेणारे बहुतेक गोरे होते, काही तर त्याच गावचे. साल महामंदीचं, म्हातारी माणसं उपाशी, समोरचा सरकारी माणूस कदाचित पेन्शन मिळवून देईल ही आशा. हे सगळं त्या उत्तरात मुरलेलं आहे. आणि तरीसुद्धा त्याच मुलाखतींत चाबकाचे, विकल्या गेलेल्या लेकरांचे इतके उल्लेख आहेत की सुखी गुलामाची गोष्ट उभीच राहू शकत नाही.

स्वतःची आठवण या लोकांनीही जपली होती. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात, युद्ध संपताच, नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर घाईने एकत्र पुरलेले उत्तरेच्या सैनिकांचे मृतदेह बाहेर काढले, एकेकाला नीट मूठमाती दिली, भोवती कुंपण घातलं. १ मे १८६५ ला सुमारे दहा हजार लोक फुलं घेऊन तिथे जमले. ही अभिवादनाची सभा पुढे शहराच्या आठवणीतून पुसली गेली. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना ती जुन्या कागदांत सापडेपर्यंत कुणाला माहीत नव्हती. भीमा कोरेगावच्या स्तंभाचं असंच झालं असतं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि आपण दरवर्षी जातो, म्हणून झालं नाही. २०१८ मध्ये दगड कुणाला खुपला आणि का खुपला, हे या चार्ल्सटनवरून समजून घेता येतं.

आता मुख्य प्रश्न. दक्षिणेतल्या दोन तृतीयांशांहून अधिक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. १८६२ मध्ये तर फुटीर सरकारने वीस गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्याला सैन्यभरतीतून सूट दिली. म्हणजे मळेवाला घरी, गरीब शेतकरी रणांगणावर. नंतर मतावर कर लावला तेव्हा काळ्यांबरोबर हजारो गरीब गोऱ्यांचंही मत गेलं. मग या माणसाचा पणतू मोटारीवर तो झेंडा का लावतो? डु बॉइस म्हणतात, गरीब गोऱ्याला मजुरी कमीच मिळाली, पण तिच्या जोडीला एक मानसिक मजुरी मिळाली: तू गोरा आहेस, तुझ्या खाली कुणीतरी आहे. बाबासाहेब याच गोष्टीला उतरंडीची विषमता म्हणतात. वरच्याची लाथ बसली तरी खालच्याला मारायला एक पाय मोकळा असतो, म्हणून मधला बंड करत नाही. हरपलेल्या वैभवाची आठवण ही त्या मानसिक मजुरीची थकबाकी आहे. कारखाना बंद पडला, पोरगं बेकार, शेत गेलं, तरी ‘आपलं राज्य होतं’ हा अभिमान फुकट मिळतो. माझ्यासोबत वाढलेली बहुजन समाजातली काही मुलं पेशवाईच्या थाटाच्या रील्स पाठवतात. त्यांच्या पणजोबांना त्या वाड्यात चपला घालून जाता आलं असतं का, असं मी विचारते. उत्तर येत नाही. दुसरी रील येते.

या मजुरीचं राजकारण कसं झालं ते भराभर सांगते, कारण हा भाग सहज वाचायला मिळतो. १९४८ मध्ये नागरी हक्कांच्या प्रश्नावर डेमोक्रॅटिक पक्षातून दक्षिणेतला गट फुटला, स्ट्रॉम थर्मंड उभे राहिले आणि चार राज्यं जिंकली. १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. १९५६ मध्ये जॉर्जियाने आपल्या राज्याच्या झेंड्यात फुटिरांचं चिन्ह घातलं. १९६१ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर तो झेंडा चढला, निमित्त युद्धाच्या शताब्दीचं, वेळ नागरी हक्क चळवळीची. १९६३ मध्ये जॉर्ज वॉलेस अलाबामाचे गव्हर्नर झाले आणि जिथे जेफरसन डेव्हिसने शपथ घेतली होती त्याच जागेवरून त्यांनी वर्णभेद कायम ठेवण्याची घोषणा केली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर हा सगळा मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाकडे सरकला. तो पक्ष लिंकनचा, हे लक्षात घ्या. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत ‘राज्यांच्या हक्कां’वर बोलले. १९६४ मध्ये तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून याच काउंटीत झाला होता. ऐकणाऱ्यांना शब्दांमागचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातलं ते कलम मोडलं ज्याच्या आधारावर भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी परवानगी घ्यावी लागे. टेक्सासने त्याच दिवशी आपला ओळखपत्राचा कडक कायदा लागू करण्याचं जाहीर केलं. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. मारेकऱ्याचे त्याच झेंड्यासोबतचे फोटो सापडले, तेव्हा कुठे विधानभवनासमोरून झेंडा हलला. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलला लीचा पुतळा वाचवायला जमलेल्यांपैकी एकाने गर्दीवर गाडी घातली, त्यात हेदर हायर ही तरुणी मेली. ६ जानेवारी २०२१ ला तो झेंडा संसदेच्या इमारतीत फिरवला गेला. चार वर्षांच्या युद्धात लीच्या फौजेला जे जमलं नव्हतं ते त्या दुपारी झालं.

काही पुतळे गेले. रिचमंडचा ली १८९० पासून उभा होता, तो २०२१ मध्ये उतरला. शार्लट्सव्हिलचा वितळवला. मिसिसिपीने झेंडा बदलला. पण वारं उलटही फिरतं. फुटीर सेनापती ब्रॅगच्या नावाची लष्करी छावणी २०२३ मध्ये ‘फोर्ट लिबर्टी’ झाली; २०२५ मध्ये ती पुन्हा ‘फोर्ट ब्रॅग’ झाली, यावेळी दुसऱ्या महायुद्धातला त्याच आडनावाचा एक शिपाई शोधून काढला. आडनाव सापडलं की काम भागतं, ही युक्ती आपल्याकडेही कुणाला सुचू नये. वॉशिंग्टनमध्ये २०२० ला आंदोलकांनी पाडलेला फुटीर सेनापती अल्बर्ट पाइकचा पुतळा २०२५ मध्ये सरकारने परत बसवला. जॉर्जियात स्टोन माउंटनच्या अजस्र कातळावर डेव्हिस, ली आणि जॅक्सन घोड्यावर कोरलेले आहेत. १९१५ मध्ये याच डोंगरावर कु क्लक्स क्लॅनचा पुनर्जन्म झाला. कोरीवकाम पुरं झालं १९७२ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर चार वर्षांनी. तेही अजून तिथेच आहे.

जानेवारीतला तिसरा सोमवार अमेरिकेत किंग यांच्या जयंतीची सुट्टी असतो. अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांत सरकारी सुट्ट्यांच्या यादीत त्या दिवसापुढे दोन नावं असतात: मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट ई. ली.